अरमांदो असता तर

२२ एप्रिल, मंगळवार

शपथ घेतली. हात वर करायचा तो डावा केला. नगर परिषदेच्या कारकूनबाईंनी माझी बाही धरून डावा खाली दाबला आणि उजवा वर केला, शाळेत करतात तसं. सगळे हसले. चांगल्या मनानेच हसले.

अरमांदोची खुर्ची फार उंच आहे. माझे पाय लोंबकळत होते. खालची दांडी ओढली की खुर्ची खाली येईल असं वाटलं, म्हणून ओढली — तर पाठ मागे गेली आणि मला छत दिसायला लागलं. महापौर गिल रापोझो माईकमध्ये म्हणाले, "देओलिंदाबाई, पहिल्याच दिवशी आडवं व्हायचं नसतं. अरमांदोसुद्धा अर्धा तास थांबायचा."

ही आमच्या पेनिकूट शहराची जुनी रीत. नगरसेवक मुदतीच्या आत वारला, की नोव्हेंबरच्या निवडणुकीपर्यंत त्याच्या बायकोला त्या जागी बसवायचं. खुर्ची थंड पडू नये म्हणून, असं म्हणतात. बाईने काळे कपडे घालून यायचं आणि नवऱ्याने जिथे हात वर केला असता तिथे करायचा. कोंबडीने अंड्यावर बसावं तसं. फक्त अंडं दुसऱ्याचं.

सहाही नगरसेवकांनी मला एकमताने निवडलं. त्यांचं एरवी कशावरच एकमत होत नाही. आज सभेनंतर कारण कळलं. तिघांना खात्री आहे की अरमांदो त्यांच्या बाजूचा होता. उरलेल्या तिघांनाही तीच खात्री आहे.

घरी आल्यावर त्याचा कोट खुंटीवरून काढला. झटकला. परत तिथेच लावला.

२४ एप्रिल, गुरुवार

आज कागद वाचले. शाळेच्या ऑफिसात इतकी वर्षं टायपिंग केलं, त्यामुळे कागदांची भीती वाटत नाही. माणसांची वाटते.

भानगड अशी. काही वर्षांपूर्वी परिषदेने ठराव केला — आपले पोलीस कोणालाही 'तू कुठला, तुझे कागद कुठे' असं विचारणार नाहीत. आणि इमिग्रेशनवाल्यांनी नुसतं सांगितलं म्हणून कोणाला कोठडीत धरून ठेवणार नाहीत, न्यायाधीशाची सही असेल तरच. अरमांदोने ठरावाच्या बाजूने मत दिलं होतं. तेव्हा चांगुलपणाला पैसे पडत नव्हते. यंदा जानेवारीत वॉशिंग्टनहून कळवलं की असे ठराव करणाऱ्या शहरांना केंद्राचे पैसे मिळणार नाहीत.

आमच्या शहरात त्या पैशांवर दोन गोष्टी चालतात. आमच्या पोर्तुगीज मंडळाच्या हॉलमध्ये म्हाताऱ्यांना दुपारचं जेवण, आणि म्हाताऱ्यांची बस. दोन्ही जूनअखेरपर्यंत रेटता येतील, पुढे नाही.

महापौर म्हणतात ठराव मागे घ्या, पैसे सुटतील. २७ मे रोजी मतदान आहे. तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला. आणि मी. पाय लोंबकळत.

बस बंद झाली तर वरच्या मजल्यावर राहणारी माझी नणंद डायलिसिसला कशी जाणार, हा प्रश्न आहे. फिलोमेना ऐंशीच्या पुढची. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे बस दारात येते आणि तिला गावाबाहेरच्या केंद्रात नेते. तिच्या मूत्रपिंडांनी संप केलाय. गाडी अरमांदो चालवायचा, ती विकली. माझे डोळे तर असे की डॉक्टर सायकलसुद्धा सोपवणार नाहीत.

मी तिला सगळं वाचून दाखवलं. ती बिस्किट कॉफीत बुडवत ऐकत होती. म्हणाली, "मी मेले तर शवपेटीवर गुलाब नकोत. मला शिंका येतात."

२९ एप्रिल, मंगळवार

आज दोन पाहुणे.

सकाळी गिल रापोझो. कॉफी घेतली, अरमांदोच्या फोटोसमोर दोन मिनिटं उभे राहिले — खरंच वाईट वाटत होतं त्यांना — आणि म्हणाले, "फेब्रुवारीत त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, गिल, मी तुझ्याबरोबर आहे." मग म्हणाले, आपल्या लोकांची गोष्ट वेगळी, आपले लोक अझोरेस बेटांवरून कागद घेऊन आले.

फिलोमेना जिन्यातूनच ओरडली, "आमच्या आजोबांकडेही कागद होता रे गिल! त्यांनी जहाजावरून उडी मारली तेव्हा तो भिजला, एवढंच."

दुपारी नोरा क्विग्ली. ती दुसऱ्या तिघांची म्होरकी. शाळेत शिकवायची, अजूनही समोरच्याकडे तो उत्तर चुकणार आहे अशाच नजरेने बघते. तिने माझे दोन्ही हात धरले. "देओलिंदा, अरमांदो मला म्हणाला होता, नोरा, मी तसूभर हलणार नाही."

दोघंही खरं बोलतायत. अरमांदो असाच होता. ज्याच्या समोर उभा असेल त्याचा. त्याने माझ्या आईला सांगितलं होतं की लग्न बेटावरच होईल, आणि स्वतःच्या आईला सांगितलं होतं की इथेच होईल. शेवटी आम्हाला दोनदा लग्न करावं लागलं. दोन्ही वेळा तो तितकाच खूश होता.

संध्याकाळी फिलोमेनाला विचारलं, "ताई, तुझा भाऊ. त्याने काय केलं असतं?"

"मला काय माहीत? मला कधी खरं सांगायचा तो?"

चाळीस वर्षांचा संसार. त्याला कोणत्या बाजूची उशी लागते ते मला माहीत आहे. हे नाही माहीत.

३ मे, शनिवार

आज कोणी आलं नाही. 'अरमांदो असता तर' हे आज मी एकटीनेच विचारलं.

६ मे, मंगळवार

विसरलेच होते! गेल्या वर्षी सणाच्या शेवटी मंडळात चिठ्ठ्या काढल्या, तेव्हा एका आठवड्याला अरमांदोचं नाव निघालं होतं. पवित्र आत्म्याचा मुकुट सणाआधी दर आठवड्याला एकेका घरी राहतो, तो १८ तारखेला आमच्या घरी यायचा आहे. आठवडाभर राहायचा आहे. २५ ला जाणार. दोन दिवसांनी मतदान.

मंडळाचे लोक अदबीने म्हणाले की दुखवट्याचं घर आहे, तुम्ही आठवडा दुसऱ्याला दिलात तर कोणी नावं ठेवणार नाही. मी सुटले असं वाटलं. तेवढ्यात फिलोमेना म्हणाली, "मुकुटाला सुतक नसतं."

झालं. म्हणजे रोज संध्याकाळी घरात माळेची प्रार्थना, नंतर सगळ्यांना खायला. दार उघडं. येईल त्याला आत घ्यायचं, कोण, कुठला, का आलास विचारायचं नाही. भांडण नाही, राजकारण नाही. अरमांदोला हे फार आवडलं असतं. घरभर माणसं, आणि सगळ्यांना हो म्हणायचं.

मला माणसं एकेकटी आली तरी पुरे होतात.

१४ मे, बुधवार

पुढच्या खोलीत वेदी उभारली. टेबलावर टेबल, त्यावर खोका, सगळ्यांवर पांढरी चादर. फिलोमेना खुर्चीत बसून काठीने दाखवते — डावीकडे, वर, तू फुलं लावतेस की मुळ्याच्या जुड्या? तिच्या म्हणण्याप्रमाणे बेटावर जन्मलेल्या, म्हणजे माझ्यासारख्या, बायकांना वेदी करता येत नाही, इथे जन्मलेल्यांनाच येते. माझ्या आईने ऐकलं असतं तर आमची दोन्ही लग्नं मोडली असती.

गोड भात करून पाहिला. दालचिनीची नक्षी चिमटीने काढायची असते. मी सवयीने अरमांदोच्या नावाचं अक्षर काढलं. मग त्यावर आणखी दालचिनी टाकली. फिलोमेना म्हणाली, "भात आहे का लाकडाचा भुसा?" पण सगळा खाल्ला.

१८ मे, रविवार

मुकुट आला. चांदीचा, वर कबुतर. आमच्या खोलीत तो फारच मोठा दिसतो. माझ्यासारखाच अवघडलेला.

सगळं शहर आलं असं वाटलं. गिल आले, नोरा आली. एकमेकांशी इतके गोड बोलले की मला भीती वाटली. मासळीच्या कारखान्यातल्या बायकाही आल्या, सात-आठ जणी. ग्वातेमालाच्या. कामाची पाळी संपवून थेट आल्या होत्या. दारापाशीच उभ्या राहिल्या. मी 'आत या' म्हटलं, पण माझं 'आत या' मलाच ऐकू येत नाही.

फिलोमेनाने मात्र नाक वर केलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "मासे कुठून आले?"

मला जमीन दुभंगावी असं वाटलं.

मग म्हणाली, "हॅडॉक आहे. कालचा नाही, आजचा. इथे बसा माझ्याजवळ. तीस वर्षं त्याच कारखान्यात मी याच वासाची होते, नवरा मिळाला नाही तो त्यामुळेच."

पुढे जी आली तिचं नाव कांदेलारिया. तिशीची असेल. ती हसली आणि फिलोमेनाच्या शेजारी बसली.

१९ मे, सोमवार

मुकुटासमोर राजकारण नाही. सगळे नियम पाळतात. पण माळेच्या प्रत्येक दहा मण्यांआधी कोणीही उभं राहून हेतू सांगू शकतो — आजाऱ्यांसाठी, समुद्रावर गेलेल्यांसाठी. त्यावर बंदी नाही.

गिल उभे राहिले. "हे दहा मणी आपल्या वृद्धांसाठी, ज्यांना बसशिवाय आधार नाही."

प्रार्थना झाली. नोरा उभी राहिली. "हे दहा मणी न्यायाधीशाच्या सहीशिवाय कोठडीत पडलेल्यांसाठी."

गिल: "केंद्राशी सहकार्य करणाऱ्या शहरांसाठी."

नोरा: "धमकीला न घाबरणाऱ्या शहरांसाठी."

देवाची आईसुद्धा बुचकळ्यात पडली असेल की कोणाच्या बाजूने हात वर करायचा. शेवटच्या दहा मण्यांना दोघंही उठायला लागले, पण फिलोमेनाने काठी आपटली. "हे दहा माझ्या गुडघ्यांसाठी. आणि जरा भराभर म्हणा, कॉफी गार होतेय."

आज हसले. तोंडावर हात ठेवून. अरमांदो गेल्यापासून पहिल्यांदा. मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

२० मे, मंगळवार

डायलिसिसच्या दिवशी फिलोमेना पिळलेल्या फडक्यासारखी होते. तरी खाली आली. 'ती मासेवाली येणार आहे' म्हणाली.

दोघी कोपऱ्यात बसल्या. कांदेलारिया तिला आजी म्हणते. तिने फिलोमेनाचा हात उलटा करून पाहिला. "आजी, या बोटाचं टोक कुठे गेलं?"

"हॅडॉकबरोबर बोस्टनला गेलं. कोणीतरी चवीने खाल्लं असेल."

"आता आम्हाला तारेचे हातमोजे देतात."

"लाड आहेत नुसते."

मग फिलोमेनाने लोणी लावायची सुरी घेतली आणि पावाचा मासा करून काटा कसा एका झटक्यात सोडवायचा ते दाखवलं. कांदेलारियाने दुसऱ्या बाजूने सोडवून दाखवला. भांडण झालं. गोड पावाच्या दोन लाद्या फुकट गेल्या.

घरी जाताना कांदेलारिया म्हणाली, उद्या भावाला घेऊन येते, तोच सांगेल कोण बरोबर ते.

२१ मे, बुधवार

कांदेलारिया आली नाही. कारखान्यातली एकही बाई आली नाही. फिलोमेना सारखी दाराकडे बघत होती आणि बघत नाही असं दाखवत होती.

गिल आज हेतू सांगायला उठलेच नाहीत.

२२ मे, गुरुवार

आली. भावाला घेऊन. त्याचं नाव बालतासार, तो त्याच कारखान्यात बर्फ ओढतो. दोन मुलं आहेत.

मंगळवारी संध्याकाळी, कांदेलारिया आमच्याकडे पावाचे काटे काढत बसली होती तेव्हा, त्याची गाडी पोलिसांनी अडवली. मागचा दिवा फुटलेला. लायसन्स नाही. रात्र कोठडीत गेली. सकाळी इमिग्रेशनवाल्यांचा ठाण्यावर फोन आला — आम्ही येईपर्यंत सोडू नका. ठाण्यावरच्या साहेबांनी विचारलं, न्यायाधीशाची सही आहे का? नव्हती. साहेब म्हणाले, मग आमच्या शहराचा ठराव आहे, आम्हाला धरता येत नाही. दुपारी दंड भरून सोडलं.

हे कांदेलारियाने फिलोमेनाला हळू आवाजात सांगितलं आणि मी पाव कापता कापता ऐकलं. बालतासार टोपी मांडीवर धरून बसला होता. टोपी गोल फिरवत होता. कोणी त्याला काही विचारलं नाही. या आठवड्यात विचारत नाहीत.

सूप वाढायचं काम पुरुषांचं असतं. आज पाळी गिलची. पाव, त्यावर बीफचं सूप, वर पुदिना. ते वाडगी देत देत बालतासारपर्यंत आले. त्यांना काल सकाळीच ठाण्यावरून सगळं कळलं असणार, महापौर आहेत. त्यांनी वाडगं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "गरम आहे, सांभाळून." मग आणखी एक मांसाचा तुकडा टाकला. मान वर केली नाही.

नंतर मोरीपाशी ते भांडी पुसायला उभे राहिले. सगळे बाहेर होते.

"देओलिंदाबाई, मी वाईट माणूस नाही."

"मला माहीत आहे."

"माझी आई रोज त्या हॉलमध्ये जेवते. जुलैत तिला मी काय सांगू?"

मी म्हटलं, "तो टॉवेल ओला झालाय. दुसरा घ्या."

२४ मे, शनिवार

फिलोमेना केंद्रातून आली ती सरळ माझ्याच पलंगावर झोपली. जिना चढवेना. मी चपला काढल्या. डोळे मिटूनच म्हणाली, "लिंदा, बसच्या बाजूने मत दे."

मी चपला पलंगाखाली सरकवल्या.

"मला तो मुलगा आवडतो. ती मासेवाली तर सुरी चुकीची धरत असूनही आवडते. पण मी काही संतीण नाही. त्या यंत्राला बांधून घेऊन का होईना, मला आणखी दोन-तीन सणांचं सूप प्यायचंय. मला भीती वाटते. हे मी दुसऱ्या कोणाला सांगणार नाही, आणि तू कोणाला सांगितलंस तर मी म्हणेन की बाई भ्रमिष्ट झाली."

"आणि अरमांदो असता तर—"

"त्याला मधे आणू नकोस. तो नाही. मी आहे. माझं सांगते मी."

मग घोरायला लागली. इतकी हलकी झाली आहे की गादी दबत नाही.

खरं तर मला कोणीतरी 'त्याने असं केलं असतं' एवढंच सांगावं. मी लगेच तसं करीन. मला तेवढंच येतं.

२५ मे, रविवार

मुकुट पुढच्या घरी गेला. चादर काढली. खाली आमचंच टेबल.

२७ मे, मंगळवार

झालं.

सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. एका बाजूला जेवणाच्या हॉलमधल्या म्हाताऱ्या, 'आमची बस' असे फलक घेऊन. त्यातल्या निम्म्या माझ्या घरी गोड भात खाऊन गेलेल्या. दुसऱ्या बाजूला कारखान्यातली माणसं. फिलोमेना आली नाही, डायलिसिसने थकलेली. ते बरं झालं.

कारकूनबाई नावं पुकारतात. 'हो' म्हणजे ठराव मागे घ्यायचा, 'नाही' म्हणजे ठराव राहील. नव्या सदस्याचं नाव शेवटी. तीन हो, तीन नाही. मग माझं आडनाव, "फुर्ताडो."

मी सवयीने शेजारी पाहिलं. तो उत्तर देईल म्हणून.

मी म्हटलं, "नाही."

कारकूनबाई म्हणाल्या, "माफ करा, ऐकू आलं नाही." माईकचं बटण दाबायचं असतं. दाबलं. पुन्हा म्हटलं, "नाही." या वेळी इतकं मोठ्याने गेलं की मी स्वतःच दचकले. एका बाजूने टाळ्या, दुसऱ्या बाजूने आरडाओरडा. कोणीतरी ओरडलं, "अरमांदो असता तर लाजला असता!" कोणीतरी दुसरीकडून ओरडलं, "अरमांदोला अभिमान वाटला असता!" दोघांनाही तो हो म्हणाला असता.

का केलं, ते इथे लिहून ठेवते. फिलोमेनाला केंद्रापर्यंत नेणं मला जमेल. कसं ते माहीत नाही, पण दारोदार जाऊन हात जोडले तरी जमेल. बालतासारला रात्रीतून उचलून नेलं असतं तर त्याला परत आणणं मला कधीही जमलं नसतं. एवढंच. याहून मोठा विचार माझ्याकडे नाही.

घरी आले तेव्हा वर दिवा होता. वर गेले नाही. धीर झाला नाही.

२८ मे, बुधवार

सकाळी कॉफी घेऊन वर गेले. फिलोमेनाला रेडिओवरून कळलं होतं. तिने कप घेतला. साखर कमी आहे म्हणाली. दुसरं काही नाही.

टोमणासुद्धा नाही. तो असता तर बरं झालं असतं.

१ जून, रविवार

जेवणाच्या हॉलमध्ये गेले. माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. एक म्हातारी येऊन मीठ उचलून घेऊन गेली.

मीठ तरी ठेवायचं.

८ जून, रविवार

सण. हॉलमध्ये हंडेच्या हंडे सूप. फिलोमेना चाकाच्या खुर्चीतून आली, दोन वाडगी प्यायली. डॉक्टरांना सांगायचं नाही असं ठरलं आहे.

पुढच्या वर्षीच्या मुकुटासाठी चिठ्ठ्या निघाल्या. त्या झाल्यावर मी उठले. मी! दाबायला बटण नव्हतं, माईक नव्हता. म्हटलं, अजून एक टोपी फिरवायची आहे. जुलैपासून बस नाही. ज्यांना ज्यांना केंद्रात, दवाखान्यात जायचं आहे, त्यांच्यासाठी ज्याच्याकडे गाडी आहे त्याने आपलं नाव टाकावं. मुकुटासारखंच. ज्याचं निघेल त्याचा आठवडा.

कोणी हललं नाही. मग बालतासारने आपली गोल फिरवायची टोपी काढून माझ्या हातात दिली. लायसन्स आता मिळालंय म्हणाला, आमच्या राज्यात त्याला ते कागद लागत नाहीत, आणि दिवासुद्धा. त्याने पहिली चिठ्ठी टाकली. नोराने दुसरी. मग टोपी फिरली. पंगतीच्या टोकाला गिल बसले होते. शेजारी त्यांची आई, समोर मुकुट. आईने त्यांच्या बरगडीत कोपर मारलेलं मी पाहिलं.

पहिल्या आठवड्याला चिठ्ठी निघाली — गिल रापोझो.

फिलोमेना इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं.

हॉलमधलं जेवण मात्र आठवड्यातून दोनच दिवस होणार. मंडळाला तेवढंच झेपतं. ज्यांचं रोजचं गेलं, त्यांच्या नजरेला अजून नजर देता येत नाही. त्यांचं बरोबरच आहे.

१ जुलै, मंगळवार

पहाटे दारात गिलची गाडी. महापौर झोपेच्या कपड्यांवर कोट घालून. फिलोमेना पावडर लावून, ठेवणीतली टोपी घालून तयार.

"मागे बसा फिलोमेनाताई, आरामात."

"मागे प्रेतं बसतात. मी पुढे."

परत आले तेव्हा गिलचा चेहरा यंत्राला त्यांनाच जोडलं होतं असा. मी विचारलं, कसं झालं? म्हणाले, "जाताना रस्त्यातल्या खड्ड्यांवर भाषण ऐकलं. येताना माझ्या आजोबांवर. देओलिंदाबाई, माझे आजोबासुद्धा पोहत आले होते म्हणे. मला कोणी कधी सांगितलं नव्हतं."

फिलोमेना माझ्याशी आज नीट बोलली. म्हणजे, माझ्या कॉफीला नावं ठेवली.

८ जुलै, मंगळवार

आज नोराच्या गाडीतून आली. जिन्यावर हात देत होते. अर्ध्यावर दम घ्यायला थांबली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "अरमांदो बसच्या बाजूने मत देणार होता. बर्फ काढायला गेला आणि पडला तो उठलाच नाही, त्याच्या आदल्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून सांगितलं. मला बरं वाटावं म्हणून नाही, लिंदा. रडत होता. नोराला तोंड कसं दाखवू म्हणून."

मी तिचा हात सोडला.

"ताई, मग मला सांगितलं का नाहीस? एका शब्दावर मी तसंच केलं असतं—"

"म्हणूनच," ती म्हणाली. "चल, हात दे. अजून निम्मा जिना आहे."